रेघ खाली येईना

मे महिना म्हणजे सोलापुरात शाळेच्या गणवेशांची घाई. जूनच्या आत माल दुकानांत पोचवायचा असतो, त्यामुळे कारखान्यांतली मशीनं रात्री उशिरापर्यंत चालतात आणि माझ्याकडे फिजिओथेरपीला मान धरून येणाऱ्या बायका वाढतात. त्यातल्याच एक ताई. शर्टाला कॉलर लावायचं काम, मजुरी नगावर. एक्स-रे काढून झाला होता, ‘मणक्यात गॅप’ ऐकून झालं होतं, पट्टाही वापरून झाला होता. हाताला मुंग्या नाहीत, ताकद ठीक. दुखत होता तो मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत जाणारा ट्रॅपेझियस स्नायू. तिथं बोट टेकवलं की कळवळायच्या.

“जड काही उचलता का?”

“कुठलं जड ओ मॅडम, कापडच की!”

मालकांना विचारून मी ईएमजीचं, म्हणजे स्नायूतली विद्युत क्रिया मोजायचं, छोटं यंत्र घेऊन थेट कारखान्यातच गेले. स्पिरिटनं कातडी पुसली, दोन्ही बाजूंना मानेचा उंचवटा आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध इलेक्ट्रोड चिकटवले. आधी खांदा पूर्ण जोरानं वर उचलायला लावला आणि तो जोर शंभर टक्के धरला. मग शिवण सुरू. पडद्यावरची रेघ दहा टक्क्यांच्या आसपास. एवढ्यानं कुणाचा खांदा दुखावा असं वाटणार नाही. पण ती रेघ तळाला जातच नव्हती.

तेवढ्यात वीज गेली. मशीनं थांबली, ताईंनी हात मांडीवर ठेवले. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, त्यात मी पाहत राहिले: डावीकडची रेघ सपाट, उजवीकडची तशीच तरंगती. ताईंची नजर मुकादमाच्या वहीकडे. “आज नग भरत नाहीत बघा.” मी पडदा त्यांच्याकडे वळवला. “ही माझी का? मी तर काहीच करत नाही!” मी त्यांच्या खांद्यावर तळवा ठेवला, तेव्हा कुठे तो बोटभर खाली आला आणि रेघही बसली. मग वीज आली. हात अजून कापडाला लागलाही नव्हता, आणि रेघ पुन्हा वर!

स्नायूतले काही बारीक तंतू हलक्या कामाला सगळ्यांत आधी जुंपले जातात आणि काम पूर्ण थांबेपर्यंत सुटत नाहीत. घरात पहिली उठणारी आणि शेवटी निजणारी सून असते, तसे. स्वीडनच्या योरान हेग यांनी १९९१मध्ये त्यांना परीकथेतल्या राबणाऱ्या सिंड्रेलाचं नाव दिलं. नॉर्वेतल्या संशोधकांनी हलकं पॅकिंग करणाऱ्या बायकांच्या खांद्यांची मोजणी केली, तेव्हा क्रिया ०.५ टक्क्याच्या खाली, निदान ०.२ सेकंद, जाण्याचे नकळतचे विसावे दुखणाऱ्यांत कमी आढळले. सगळ्याच अभ्यासांत हे जुळलेलं नाही, हेही सांगायला हवं. पण मानसिक ताणानं, हात न हलवताही, ट्रॅपेझियस आवळतो हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. त्या दिवशी ते माझ्यासमोरच घडलं.

ताईंचं स्टूल बुटकं होतं, टेबल कोपराच्या वर यायचं. स्टुलावर जाड फळी ठोकून घेतली. मधूनमधून धागे कापायचं काम घ्या म्हटलं, तर त्याला मजुरी कमी. ताईंनी साफ नाही म्हटलं, आणि मला ते पटलं. पोट नगावर आहे, माझ्या सल्ल्यावर नाही. मग एवढंच ठरलं की दर गठ्ठा संपला की हात खाली सोडायचे, खांदा पडला का ते बघायचं. रेघ डोळ्यांनी पाहिलेली असल्यामुळे ते त्यांना जमलं. पुढं ठणका उतरला, घाईच्या दिवसांत अजून डोकं वर काढतो.

मालकांना फळीची गोष्ट आवडली, खर्च नाही ना! बाकीच्या बायकांचीही अशीच मोजणी करून द्या म्हणाले. “फक्त सुट्टीच्या दिवशी या मॅडम, मशीनं थांबवता येणार नाहीत.” बंद मशीनसमोर बसवून मी काय मोजणार, ते त्यांना अजून पटवतेय.