योजनेत ऑपरेशन झालं आणि आमच्याकडूनही पैसे घेतले: तक्रार केली त्याचा माझा अनुभव

आईच्या मांडीच्या हाडात रॉड टाकला ते ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झालं, हे आम्हाला ती घरी आल्यावर कळलं. त्याआधी हॉस्पिटलने दादाला सांगितलेलं की कागद पाठवलेत, मंजुरी आली तर बघू, तोपर्यंत १५ हजार डिपॉझिट भरा, आणि योजनेतला रॉड हलका येतो, चांगला पाहिजे तर त्याचे २८ हजार वेगळे. दादाने सोसायटीतून उचल घेतली आणि भरले. आई कण्हत पडलेली असताना कोण कागद वाचत बसतं.

नंतर माझ्या मोबाईलवर फोन आला. गावाकडे रेंजचा भरवसा नाही म्हणून दादाने रजिस्ट्रेशनला माझा नंबर दिला होता. फोनवरच्या मॅडमनी विचारलं, उपचार योजनेतून झाले ना, हॉस्पिटलने पैसे तर नाही मागितले? मी म्हटलं कसली योजना मॅडम, आम्ही ४३ हजार मोजलेत! त्या म्हणाल्या हॉस्पिटलने योजनेकडे तुमच्या आईच्या नावाने क्लेम टाकलेला दिसतोय, म्हणजे उपचाराचे पैसे मागितलेत, तक्रार करायची तर १५५३८८ वर करा.

रजिस्ट्रेशनला माझा मोबाईल नंबर बरोबर दिला होता म्हणून हे कळलं बरं का. आयुष्मान भारत ही केंद्राची आरोग्य योजना, आपल्याकडे ती फुले योजनेसोबतच चालते. तिच्यावरच्या २०२३ च्या कॅगच्या (सरकारी हिशोब तपासणारी संस्था) अहवालात ७,४९,८२० लाभार्थी एकाच ९९९९९९९९९९ या नंबरवर दाखवलेत. सरकारने सांगितलं की ओळख पटवायला मोबाईल नंबर वापरत नाहीत, ते ठीक, पण असल्या नंबरवर कोणाला फोन लावणार आणि पैसे घेतले का ते विचारणार कोणाला?

मग फाईल काढून बसले. डिस्चार्ज कार्डवर योजनेचा केस नंबर होता, आणि दादाला आठवलं की बेडवर आईचा फोटो काढला होता आणि बऱ्याच कोऱ्या फॉर्मवर तिच्या सह्या घेतल्या होत्या. त्यातलाच एक फॉर्म नंतर पुढे आला, "उपचार मोफत मिळाले, कोणतीही रक्कम दिली नाही", खाली आईची वाकडी सही. हॉस्पिटलचा सगळा भार त्या एका सहीवर होता. योजनेच्या पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, ऑपरेशन, रॉडप्लेट, जेवण सगळं धरलेलं असतं, पेशंटने वेगळं काही द्यायचं नसतं, हे मला तेव्हा कळलं आणि गावात अजून निम्म्या लोकांना माहीत नाही.

आमच्याकडे पुरावा काय, तर डिपॉझिटची पक्की पावती नाहीच, हॉस्पिटलच्या पॅडवर पेनने "अॅडव्हान्स १५०००" एवढंच, ना सही ना शिक्का. रॉडचे पैसे मात्र दादाने फोनपे केले होते आणि तेही हॉस्पिटलच्या खात्यावर नाही, तिथल्या एका माणसाच्या नंबरवर. ती हिस्टरी आणि रॉडच्या पाकिटावरचं स्टिकर, जे वहिनीने पिशवीत तसंच ठेवलं होतं (वहिनी काहीच फेकत नाही, घरात जुन्या पिशव्यांचा ढीग आहे), यांनीच पुढे काम केलं.

फोनवर तक्रार घेतली, नंबर दिला. मग केंद्राच्या आयुष्मानच्या तक्रार पोर्टलवर पण टाकली आणि योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे लेखी अर्ज दिला, एक प्रत कलेक्टर ऑफिसला, कारण जिल्ह्याची तक्रार समिती कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली असते. दोन्हीकडे आवक शिक्क्याची पोच घेतली. पोच नसली की अर्ज कुठे गेला कोणाला माहीत, असलाच अनुभव असतो आपल्याकडे. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे पेशंटच्या मदतीला योजनेने तिथे बसवलेल्या माणसाला, पण भेटले. पोरगा चांगला होता, पण डॉक्टर दिसले की त्याचा आवाज बसायचा, रोज तिथेच बसायचं म्हटल्यावर तो तरी काय करणार.

चौकशीत हॉस्पिटलने लिहून दिलं की नातेवाईकांनी स्वतःहून भारी इम्प्लांट मागितलं. इथे मला वाटलं संपलं आता. पण साहेबांनी कॉम्प्युटरवर क्लेमचे कागद उघडले, त्यात ऑपरेशननंतरचा एक्सरे आणि इम्प्लांटचं स्टिकर जोडलेलं होतं, आणि त्यावरचा नंबर आमच्या पिशवीतल्या स्टिकरचाच! म्हणजे रॉड एकच आणि त्याचे पैसे आमच्याकडूनही घेतले आणि योजनेकडूनही मागितले. साहेबांनी विचारलं हे कसं, तर हॉस्पिटलचा माणूस म्हणाला बिलिंगवाल्याची चूक. बिलिंगवाल्याचा स्वतःचा फोनपे नंबर कसा काय मधे आला ते काही सांगता आलं नाही.

खरा त्रास घरून झाला. गावातले वजनदार लोक दादाला गाठून म्हणायचे, मोठे डॉक्टर आहेत, उद्या परत त्यांच्याच दारात जायचंय, मिटवून टाक. दादाही म्हणायला लागला ताई सोड ना. हॉस्पिटलकडून निरोप आला की सगळे पैसे देतो, फक्त "तक्रार गैरसमजातून झाली" असं लिहून द्या. मी म्हटलं पैसे मिळाले एवढंच लिहीन, गैरसमज बिलकुल लिहिणार नाही, कारण तेवढं लिहिलं की क्लेमचा विषय पण तिथेच बंद. आमच्या आईचं हाड निदान खरंच मोडलं होतं. २०२४ च्या नोव्हेंबरात गुजरातमध्ये कडी तालुक्यातल्या बोरीसणा गावात फुकट शिबिर झालं, त्यातून १९ जणांना अहमदाबादच्या हॉस्पिटलला नेलं, ७ जणांची अँजिओप्लास्टी (हृदयाची बंद नळी उघडतात ती) केली, तीही गरज नसताना योजनेच्या पैशासाठी केल्याचा आरोप झाला, आणि त्यातले दोघं गेले. ती बातमी मी दादाला दाखवली, त्यानंतर तो काही बोलला नाही.

शेवटी ४३ हजार दादाच्या खात्यावर आले आणि मी फक्त "रक्कम परत मिळाली" असं लिहून दिलं. आयुष्मान भारतच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत पेशंटकडून पैसे घेतले तर पहिल्याच वेळी सगळी रक्कम परत आणि वर तिप्पट भरपाई, तिसऱ्यांदा सापडलं तर हॉस्पिटल यादीतून बाहेर, असं आहे. तिप्पट वगैरे आम्हाला काही दिसलं नाही. क्लेमचं काय केलं ते विचारलं तर "प्रक्रिया सुरू आहे", म्हणून आता माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, त्यात तो आईच्या सहीचा फॉर्म आणि मंजूर रकमेचा कागद, दोन्हीच्या प्रती मागितल्यात.