आमची वाटचाल : निळ्या टी-शर्टपासून पुढे

आफ्रिकेतल्या आमच्या पायी जंगल-सफारीच्या पहिल्या ग्रुपसाठी मी हौसेनं गडद निळे टी-शर्ट छापून घेतले, पाठीवर आमचं नाव. झांबियात साउथ लुआंग्वा नॅशनल पार्कच्या कॅम्पवर गाइडनं ते बघितले, हसला, आणि झाडाला टांगलेलं एक कापड दाखवलं. तेही निळं-काळं. त्सेत्से माशी या दोन रंगांकडे धावते, म्हणून औषध मारलेली तशीच कापडं तिथे लटकवतात. माझी सहाही गिऱ्हाइकं म्हणजे चालतेबोलते सापळे! माशी कपड्यावरूनही चावते, आणि सणसणीत. तेव्हापासून फक्त खाकी आणि मातकट. नाव आता टोपीच्या आत शिवतो.

मुळात आम्ही पुण्यातून सह्याद्रीचे ट्रेक काढणारे. मग ट्रेकर मंडळींच्या आग्रहावरून केनियातलं मसाई मारा केलं. परत आल्यावर एक काका म्हणाले, "जनावरं बघितली रे, पण जमिनीला पाय कुठे लागला?" बोलणं लागलं. शोधता शोधता लुआंग्वाचं खोरं सापडलं. पर्यटकांना जंगलात पायी न्यायची पद्धत वन्यजीव संरक्षक नॉर्मन कार यांनी १९५०च्या दशकात तिथेच रुजवली.

रांग ठरलेली. पुढे बंदूकधारी स्काउट, मग गाइड, मग आम्ही, शेवटी चहाचं सामान घेतलेला माणूस. बारा वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत. त्यावरून किती बुकिंगं गेली, विचारू नका. वारा कुठे वाहतोय, म्हणजे आपला वास कुठे जातोय, ते बघायला गाइडच्या खिशात राखेची पुरचुंडी असते. एकदा हत्तीण दिसली, त्यानं पुरचुंडी झटकली, राख सरळ तिच्याकडे गेली. तिनं सोंड वर केली. एक शब्द न बोलता आम्ही आल्या पावली मागे फिरलो. हत्ती जवळून दाखवा म्हणणाऱ्यांना मी हा किस्सा आधीच ऐकवतो.

हंगाम जून ते ऑक्टोबर. नोव्हेंबरात पाऊस लागला की रस्ते चिखलात जातात. गवता-बांबूचे कॅम्प मोडतात आणि पाऊस सरल्यावर आपल्या मांडवासारखे नव्यानं उभे राहतात. आंघोळ फांदीला टांगलेल्या बादलीखाली. जेवणात न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि चिब्वाब्वा, म्हणजे दाण्याचं कूट घातलेली भोपळ्याच्या पानांची भाजी. ही भाजी खाऊन आमच्या शाकाहारी मंडळींनी बरोबर आणलेली चटणी डब्यातच ठेवली.

२०२० साली सगळे अ‍ॅडव्हान्स परत केले, दोन वर्षं ट्रेकवर भागवलं. आता वर्षाला दोनच ग्रुप, सहा-सहा जणांचे. बायको हिशेब बघते, तिला हे मुळीच पटत नाही.

गेल्या खेपेला नदीकाठी जाळीच्या तंबूत झोपलो होतो. सकाळी एका ताईंनी तक्रार केली, रात्रभर कोणीतरी गवत कापत होतं म्हणून. गाइडनं त्यांना तंबूच्या दोरीजवळ नेलं. तिथे चार बोटांचे, ताटाएवढे ठसे होते. पाणघोडा चरून गेला होता.