न्यूट्रोफिलला न डिवचता वेगळं करायला शिकताना

पीएचडीसाठी मी न्यूट्रोफिल ही पेशी निवडली. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण 50 ते 70 टक्के याच असतात. कुठे जंतू शिरले की सगळ्यात आधी या धावतात, आणि लाली, सूज, ऊब, ठणका या दाहाच्या खुणा वाढवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. पण त्या चटकन चेततात. नळी जोरात हलवली, द्रावणात जंतूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन जरासं राहिलं, तरी पुरतं. मग दिसतोय तो दाह प्रयोगातल्या रसायनाने झालाय की आपल्या हाताळणीने, हे सांगताच येत नाही.

आधी एथिक्स कमिटी. निरोगी माणसांकडून रक्त घ्यायचं तर संमतीपत्रक त्यांना समजेल अशा भाषेत लागतं, म्हणून ते मराठीतही केलं. कमिटीतल्या एका सदस्या विज्ञानक्षेत्रातल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "उरलेल्या रक्ताचं काय करता?" आमच्यापैकी कुणाच्या ते डोक्यातही नव्हतं. त्याचं उत्तर संमतीपत्रकात आलं, आणि कागद खूप सुधारला.

पुढचं सगळं घड्याळाशी बांधलेलं. न्यूट्रोफिल शरीराबाहेर फार टिकत नाहीत, त्यामुळे रक्त घेतलं त्याच दिवशी काम उरकावं लागतं. फायकॉल, म्हणजे पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारा जड द्रव, त्यावर रक्त सोडताना नळी तिरकी धरायची आणि थेंब काचेच्या कडेने घरंगळू द्यायचे. दोन्ही मिसळले की थर गेलेच. मग नळी वेगाने गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज, त्याचा ब्रेक बंद. नळी बाहेर काढली की वर पिवळसर प्लाझ्मा, खाली लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचं पांढुरकं कडं, मग फायकॉल आणि तळाशी लाल गाळ. बहुतेकांना ते कडं हवं असतं. माझ्या पेशी मात्र लाल गाळात!

त्यात डेक्सट्रान (साखरेच्या लांब साखळ्यांचा पदार्थ) घालून नळी टेबलावर उभी ठेवायची. लाल पेशी एकमेकींना चिकटून खाली बसतात, न्यूट्रोफिल वरच्या गढूळ द्रवात राहतात. उरल्यासुरल्या लाल पेशी साध्या शुद्ध पाण्याने फोडायच्या, पण अर्ध्या मिनिटाच्या आत मीठ घालून द्रवाचा खारटपणा पूर्ववत करायचा, नाहीतर न्यूट्रोफिलही फुटतात. इथे मला सगळ्यात जास्त ताण यायचा. लॅबमधली सीनियर ताई शेजारी उभी राहून सांगायची, "खसाखसा पिपेट करू नकोस, हळूच ढवळ."

जिम्सा रंग देऊन पाहिलं की तीन-चार पाळ्यांचं केंद्रक ओळखू येतं. खरी परीक्षा त्यानंतर. 2004 मध्ये बर्लिनमधल्या ब्रिंकमन, झायचलिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की चेतलेले न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून जंतू अडकवतात. हीच जाळी नको तिथे राहिली तर रक्ताच्या गुठळीला आणि ल्युपससारख्या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजारांना हातभार लावते. आम्ही काही पेशींना पीएमए हे न्यूट्रोफिल चेतवणारं रसायन दिलं, काहींना काहीच नाही. तीन-चार तासांनी प्लेटमधल्या पीएमएच्या खाचेत डीएनएचे धागे पसरलेले दिसले. सगळे ते बघायला जमले. मी शेजारची, काहीही न घातलेली खाच बघत राहिले. तिथे बहुतेक केंद्रकांच्या पाळ्या जशाच्या तशा होत्या. मला हवं होतं ते हेच: कुणी डिवचलं नाही तोवर शांत राहणाऱ्या पेशी.

आता संधिवाताच्या रुग्णांच्या रक्तासाठी नवी परवानगी मागितली आहे. तुम्ही हे काम नव्याने सुरू करणार असाल तर द्रावणं एंडोटॉक्सिनमुक्तच घ्या, पेशी वेगळ्या करताना कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेला बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) वापरा, आणि रसायन न दिलेली खाच आधी तपासा. ती चेतलेली दिसली तर त्या दिवशीचे बाकीचे आकडे वापरू नका.