मानक तेच, मोरी मोठी

तिसऱ्यांदा वाहून गेलेल्या, रस्त्याखालच्या मोरीची फाइल परवा एकदाची मंजूर झाली. मला हलकं वाटायला हवं होतं.

आधीच्या दोन्ही अंदाजपत्रकांवर सही माझीच. आपत्तीतल्या दुरुस्तीचा पैसा 'होतं तसं' करण्यापुरताच मिळतो. 900 मिमीचा पाइप गेला, की 900चाच बसवायचा. मोठा घातला तर ती 'सुधारणा'. तिचं लेखाशीर्ष वेगळं आणि त्यात कायम खडखडाट. मोरी वाहून गेली की पैसा आहे, जाऊ नये म्हणून नाही.

यंदा मी 1200 लिहिलं. तीनशे मिमीने काय फरक पडतो, असं बाहेरच्याला वाटेल. उतार तोच आणि पाइप पूर्ण भरून वाहत असेल, तर वहनक्षमता व्यासाच्या 8/3 घाताने वाढते. म्हणजे दुपटीहून जास्त पाणी जातं. खोदाई, वळणरस्ता, तोंडभिंती यांचा खर्च काही दुप्पट होत नाही. हे सगळं चार पानं टिपणी करून मांडलं. हवा 1 अंशाने तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते, हेही घातलं. वरून एका ओळीचा शेरा आला: 'मूळ मानकाप्रमाणे प्रस्ताव सादर करावा.' शेरा मारणाऱ्यांच्या दाराबाहेर शाश्वत विकासाच्या 17 उद्दिष्टांचे रंगीत चौकोन लावलेत. 13व्या उद्दिष्टात, हवामानबदलाचा विचार धोरणात आणि नियोजनात आणा, असं लक्ष्य आहे. आणायचा कुठे? अंदाजपत्रकाच्या नमुन्यात त्यासाठी रकानाच नाही.

वाट काढली लेखा शाखेतल्या मॅडमनी. त्यांना मी इतकी वर्षं फक्त त्रुटी काढणाऱ्या म्हणून ओळखत होतो. म्हणाल्या, "साहेब, मूळ मानक म्हणजे मूळ पाइप, असं कुठे लिहिलंय?"

जुनी फाइल काढली. मानक होतं 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाचं. (म्हणजे दर वर्षी 4 टक्के शक्यता. यंदा येऊन गेला म्हणून पुढची 24 वर्षं सुट्टी नव्हे, हे इंजिनिअरांनाही सांगून थकलो.) 900 हे त्या काळच्या पावसाच्या तक्त्यावरून आलेलं उत्तर. वरच्या अंगाला तेव्हा शेतं, म्हणून अपधाव गुणांक, म्हणजे पडलेल्या पावसातला न जिरता वाहून येणारा हिस्सा, 0.35 धरलेला. आज तिथे छपरं आणि डांबर. 0.65 धरला, पावसाच्या नव्या नोंदी घातल्या, तर त्याच मानकाने 1200 आलं. आठवड्यात मंजुरी. माझी चार पानं कोणी उलटलीही नसतील.

काल नकाशा थोडा खाली सरकवून पाहिला. आमच्याकडे तुंबणारं पाणी आता सरळ पुढे जाणार. पुढची मोरीही 900ची, कडेला वस्ती, हद्द दुसऱ्या विभागाची. आमची तुंबायची म्हणून आजवर ती तगली, हे त्या चार पानांत कुठेच नव्हतं.

त्या विभागाला पत्र लिहायला घेतलंय. विषयाच्या ओळीवरच अडलोय. त्यांची मोरी अजून वाहून गेलेली नाही, तेव्हा 'दुरुस्ती' लिहिता येत नाही.