तीन 'आर' आणि कडीचा डाग

आजी गेल्यावर तिच्या पत्र्याच्या डब्यात चांदीचा एक रुपया आणि तांब्याच्या अकरा शिवराया, म्हणजे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' अशी अक्षरं असलेली जुनी नाणी, निघाल्या. रुपया 1911 चा, पंचम जॉर्जचा. हा तोच 'पिग रुपया'. राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि नाणं मागे घेतलं. सुमारे 94 लाख पाडलेले, त्यातले सातेक लाखच बाहेर पडलेले. एवढं वाचून मी मनातल्या मनात नवीन फ्रीज घेऊन मोकळी झाले.

शिवराया सगळ्या दुदांडी, म्हणजे 'छत्र' आणि 'पति'च्या मधे दोन आडव्या रेघा असलेल्या. भंगारवाले त्या एके काळी किलोवर विकायचे असं बाबा सांगतात. पण एकीवर 'शिव'च्या जागी चक्क 'सीव' होतं आणि खाली फुलासारखी खूण. एका लिलावाच्या छापील यादीत हुबेहूब तसंच नाणं सापडलं, पुढे तीन आर. आर म्हणजे दुर्मीळ, दोन आर म्हणजे फार दुर्मीळ, तीन म्हणजे बोलायलाच नको. झालं, फ्रीजबरोबर वॉशिंग मशीनही आलं.

पुण्यातल्या नाण्यांच्या प्रदर्शनात एका वयस्कर व्यापाऱ्यांसमोर डबा उघडला. काकांनी आधी रुपया उचलला, कडेने धरून. भिंग लावलं आणि मुकुटाच्या वर बोट ठेवलं. तिथे कानस मारल्यासारखा सपाट, राखट डाग होता.

"ताई, कडी होती इथे. कुणीतरी माळेत ओवला होता."

आजीच्या गळ्यातली रुपयांची माळ फोटोत मी पाहिली होती. ती मोडली, कड्या काढल्या, हा एक राहिला. वर दर लक्ष्मीपूजनाला आई त्याला चिंच लावून लखलखीत करायची. काकांनी तो तिरका धरला, तर सगळ्या अंगावर बारीक ओरखडे. "चांदीच्या भावाने घेतो. 11.66 ग्रॅम, त्यातही तांबं आहे थोडं."

मी सात लाखांचा मुद्दा काढला. ते म्हणाले, सात लाख म्हणजे काय कमी झाले? याला भाव आहे तो वर्षवार रुपये जमवणाऱ्या प्रत्येकाला 1911 ची जागा भरायची असते म्हणून. पण त्यांना अंगावर डाग नसलेला मिळत असताना ते डागाचा कशाला घेतील!

मग त्यांनी एक गंमत सांगितली. दुर्मीळतेची आर-1 ते आर-8 अशी अमेरिकेतली पट्टी आहे, तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी शेल्डन नावाच्या गृहस्थांनी 1949 मध्ये मांडलेली. आर-8 म्हणजे जगात एक ते तीन नाणी. नाण्याच्या अवस्थेला 1 ते 70 गुण द्यायची पद्धतही त्यांचीच, आणि मूळ हिशोब असा, की 70 गुणांचं नाणं 1 गुणाच्या सत्तर पट किमतीचं. बाजाराने तो हिशोब फार दिवस पाळला नाही. गुण राहिले, पटी गेल्या. (हे ऐकायला मजा आली, पण माझं लक्ष शिवराईकडे होतं.)

शिवराई त्यांनी बराच वेळ पाहिली. "तीन आर बरोबर आहेत. पाचशे देईन."

"फक्त पाचशे?"

"अहो, ही नाणी थोडी आहेत तसे शोधणारेही थोडेच. हे 'सीव' हवं असलेले मला दोघंच माहीत आहेत. एकाला गेल्या वर्षी मिळालं."

मी लगेच दुसऱ्याचा फोन नंबर मागितला. काका भिंग पुसत हसले. "दुसरा मीच."

सातशेला दिली. उरलेल्या दहा घरी आहेत, आणि रुपया देव्हाऱ्यात. आईला चिंचेबद्दल मी काहीच बोलले नाही.