पोटरी भरून येईपर्यंत

सिनसिनाटीत राहायचं आणि बेंगल्स या इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा नाद लागू द्यायचा नाही, हे जमत नाही. आम्हा क्रिकेटवाल्यांनाही तो लागला आणि ऑफिसच्या फ्लॅग फुटबॉलपर्यंत पोचला. यात अंगावर जायचं नसतं, कमरेची पट्टी ओढायची असते, म्हणून चाळिशी उलटलेल्यांना हा खेळ बिनधोक वाटतो. मलाही कोणी हात लावला नव्हता. उजव्या पायावर जोर देऊन धावायला निघालो, तर मागून पोटरीत कोणीतरी सणसणीत लाथ घातली. वळून पाहिलं, मागे कोणीच नाही.

डॉक्टरांनी पालथं झोपवून पोटरी दाबली. पाऊल खाली झुकलं, म्हणजे टाचेमागची अकिलीस कंडरा शाबूत. ती तुटली असती तर पाऊल ढिम्म हललं नसतं. रक्ताची गुठळी असली तरी पोटरी अशीच सुजते आणि दुखते, म्हणून सोनोग्राफीही झाली. निदान निघालं गॅस्ट्रोक्नेमियसचा आतल्या बाजूचा भाग अर्धवट फाटल्याचं. पोटरीत वर हा स्नायू आणि त्याच्याखाली सोलियस. दोघं मिळून खाली अकिलीस होऊन टाचेला धरतात.

सांगलीहून आईचा फोन. "तिळाचं तेल कोमट कर आणि चांगलं चोळ. उद्या चालायला लागशील." फिजिओने तर सुरुवातीला रगडायची सक्त मनाई केली होती. "हो गं, चोळतोय," एवढं बोलून मी विषय मिटवला. बुटात टाचेखाली जाड पट्टी घालून चालायचं ठरलं, म्हणजे स्नायूवर ताण कमी येतो.

मित्रांचं पालुपद एकच: "अरे, बरो बघ की!" बेंगल्सच्या जो बरो या खेळाडूची उजवी पोटरी २७ जुलै २०२३ ला सरावात दुखावली होती, त्यालाही कोणी धडकलं नव्हतं. १० सप्टेंबरला तो क्लीव्हलँडविरुद्ध मैदानात होता. पण त्या दिवशी काय झालं ते मंडळी सोयीस्कर विसरतात. २४-३ असा पराभव, बरोने पास फेकून मिळवले जेमतेम ८२ यार्ड. पुढच्याच आठवड्यात बाल्टिमोरविरुद्ध तीच पोटरी पुन्हा दुखावली. ऑक्टोबरात ॲरिझोनाला ३४-२० ने हरवलं, तेव्हा कुठे जुना बरो दिसला. शिवाय तो क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा. चेंडू फेकताना मागच्या पायाचा रेटा त्यालाही लागतोच, पण पळणं टाळून थोडंफार निभावता येतं. मी रिसीव्हर, म्हणजे पळत जाऊन पास झेलणारा. रिसीव्हरची पोटरी गेली की खेळच गेला. २०१४ च्या मोसमात ॲरन रॉजर्स लंगडत ग्रीन बे संघाला सिएटलविरुद्धच्या उपांत्य सामन्यापर्यंत घेऊन गेला, तोही क्वार्टरबॅकच. आणि या लोकांच्या दिमतीला दिवसभर फिजिओ असतो. माझा विमा मोजून भेटी देतो, प्रत्येक भेटीला खिशातले पैसे वेगळे.

खरा वैताग दुखणं थांबल्यावर सुरू झाला. चालताना काही होईना, जिना उतरता येऊ लागला. मग फिजिओने एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितलं. ओट्याच्या कडेला बोटं टेकवून डावी टाच उचलली, सहज वर गेली. उजवी अर्ध्यावर थरथरली आणि खाली बसली. दुखत नव्हतं, पण ताकदच नव्हती. घरात ठणठणीत हिंडणाऱ्या माणसाला हे पटवून घेणं फार जड जातं.

मग ओटा हेच माझं मैदान झालं. आधी दोन्ही टाचा, मग एक, मग गुडघा किंचित वाकवून, कारण गुडघा वाकला की भार सोलियसवर जास्त येतो. त्यानंतर हातात वजन. बायको म्हणायची, "दूध ऊतू जाईल, टाचा नंतर उचल." एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगचे संघ दुखापतीच्या यादीत 'लिमिटेड' लिहितात, म्हणजे खेळाडू सरावाला आला पण पूर्ण सराव केला नाही. आमच्या फ्रीजवरही मी तेच लिहून ठेवलं. घरच्यांना ते फक्त भांडी घासण्यापुरतं मान्य नव्हतं.

फिजिओने तारीख कधीच दिली नाही, अट दिली. उजवी टाच डावीइतकीच उंच आणि डावीइतक्याच वेळा उचलली गेली पाहिजे. ती पुरी झाल्यावर एका पायावर उड्या, मग सरळ रेषेत हलकं धावणं. एकदम थांबून पुन्हा सुसाट निघणं सगळ्यात शेवटी, कारण माझी पोटरी तिथेच फाटली होती.

आता परत खेळतोय. कॅप्टनने रिसीव्हरवरून काढून मला क्वार्टरबॅक केलं, उभं राहून फेकायचं म्हणून. पहिला पास थेट समोरच्या संघाच्या हातात दिला. खांद्याबद्दल फिजिओला अजून काही विचारलेलं नाही.