वेबपॅक ४ सोडताना : सुरक्षेच्या इशाऱ्यांची यादी मी कशी वाचली

नोव्हेंबर २०२२ मध्ये आमच्या सर्व्हरवर नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) १४ च्या जागी नोड १८ बसवले आणि शाळांसाठी चालवत असलेल्या आमच्या संकेतस्थळाचा बिल्ड, म्हणजे कोडपासून ब्राउझरसाठी फाइली तयार करण्याची प्रक्रिया, सुरू होताच बंद पडला. अनेक जावास्क्रिप्ट फाइली जोडून ब्राउझरसाठी बंडल बनवणारे वेबपॅक ४ हॅश (फाइलीच्या आशयावरून काढलेली छोटी खूण) काढण्यासाठी एमडी४ हा जुना अल्गोरिदम वापरते आणि नोड १७ पासून आलेल्या ओपनएसएसएल ३ या क्रिप्टोग्राफीच्या लायब्ररीमध्ये एमडी४ सहसा बंद असते, हे त्यामागचे कारण. जुने अल्गोरिदम चालू ठेवण्याचा पर्याय देऊन त्या दिवसाचे काम भागले. परंतु केवळ बिल्ड चालावा म्हणून जुनी क्रिप्टोग्राफी उघडी ठेवणे मला पटत नव्हते, म्हणून वापरलेल्या पॅकेजांमधील ज्ञात त्रुटी दाखवणारी 'एनपीएम ऑडिट' ही आज्ञा मी चालवून पाहिली. पडदाभर इशारे आले.

पहिली चूक मी लगेच केली. त्रुटी आपोआप दुरुस्त करणारी 'ऑडिट फिक्स' ही आज्ञा 'फोर्स' (मोठे बदलही करू देणारा पर्याय) जोडून चालवली, तेव्हा काम करताना पान दाखवणारा वेबपॅक-डेव्ह-सर्व्हर आवृत्ती ३ वरून थेट ४ वर गेला, आणि 'कंटेंटबेस' या नावाने लिहिलेली आमची मांडणी त्याने नाकारली, कारण ४ मध्ये तिची जागा 'स्टॅटिक'ने घेतली आहे. मी सगळे बदल मागे घेतले आणि 'एनपीएम एक्सप्लेन' वापरून एकेका पॅकेजची साखळी, म्हणजे ते कोणत्या पॅकेजमुळे आले, हे वाचायला बसले.

सर्वांत गंभीर म्हणून दाखवलेला इशारा वेबपॅकच्या लोडरांना लागणाऱ्या लोडर-युटिल्स या पॅकेजचा होता: क्वेरी (लोडरला दिलेले पर्याय) वाचणाऱ्या फंक्शनमधील प्रोटोटाइप पोल्यूशन, म्हणजे सर्व ऑब्जेक्टांच्या सामायिक पायात बाहेरून फेरफार करता येणे. ही क्वेरी आमच्याच कॉन्फिगमधून येत होती, बाहेरच्या कोणाच्या हाती नव्हती. शिवाय दुरुस्त केलेली १.४ मालिकेतील आवृत्ती वेबपॅक ४ ने मागितलेल्या मर्यादेतच बसत होती. नेमक्या आवृत्त्या नोंदवून ठेवणाऱ्या लॉक फाइलने तेवढी जुनी आवृत्ती धरून ठेवली होती. एका अपडेटने तो प्रश्न सुटला. ग्लोब-पॅरेंट या पॅकेजचा इशारा चोकिडार २ या पॅकेजमधून येत होता, म्हणजे फाइलींवर लक्ष ठेवणाऱ्या, फक्त आमच्या संगणकांवर चालणाऱ्या भागातून. तेव्हापासून प्रत्येक ओळीपुढे मी एकच प्रश्न लिहू लागले: हा कोड कुठे चालतो, आमच्या संगणकावर की पालकांच्या ब्राउझरमध्ये?

या प्रश्नाने मला जिथे नेले ती जागा यादीत ठळकपणे दाखवलेली नव्हती. वेबपॅक ४ नोडच्या मूळ मॉड्यूलांचे पॉलिफिल (ब्राउझरमध्ये नसलेल्या सोयीची जागा घेणारा कोड) न विचारता बंडलमध्ये घालते. आमच्या एका जुन्या फाइलने यादृच्छिक ओळख-क्रमांक तयार करण्यासाठी 'क्रिप्टो' मागवले होते. तेवढ्यासाठी क्रिप्टो-ब्राउझरिफाय आणि त्यामागचे एलिप्टिक ही पॅकेजे प्रत्येक पालकाच्या मोबाइलवर जात होती. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या वेबपॅक ५ ने ही सोय काढून टाकली आहे. त्यामुळे आवृत्ती बदलताच बिल्ड थांबला आणि मला ती फाइल सापडली. ब्राउझरच्या स्वतःच्या 'गेटरँडमव्हॅल्यूज'ने तेच काम दोन ओळींत झाले. चित्रांसारख्या फाइली बंडलमध्ये आणणारे फाइल-लोडर आणि यूआरएल-लोडरही काढले, कारण ५ मधील ॲसेट मॉड्यूल तेच काम करतात, आणि त्यांच्याबरोबर लोडर-युटिल्सच्या आणखी दोन साखळ्या तुटल्या. जानेवारी २०२३ मध्ये आम्ही ५ वर आलो.

मार्चमध्ये ५.७६.० आली, तिच्यात वेबपॅकच्याच एका त्रुटीची दुरुस्ती होती. ती आम्ही विशेष चर्चा न करता घेतली. ऑगस्ट २०२४ मधील सीव्हीई-२०२४-४३७८८ (त्रुटींच्या सार्वजनिक यादीतील क्रमांक) ही त्रुटी मात्र मला अजून आठवते, कारण ती वेबपॅक ५ बरोबरच आमच्याकडे आली होती. फाइली कुठून मागवायच्या हे सांगणारा 'पब्लिक पाथ' लिहिला नाही तर वेबपॅक ५ तो 'ऑटो' धरते, म्हणजे चालू असलेल्या स्क्रिप्टचा पत्ता 'डॉक्युमेंट.करंटस्क्रिप्ट'वरून ओळखते आणि बंडलचे बाकीचे तुकडे तिथूनच मागवते. पानावर कोणी 'करंटस्क्रिप्ट' असे 'नेम' (एचटीएमएलमधील नावाचा गुणधर्म) दिलेले चित्र ठेवले, तर त्या जागी चित्र मिळते, आणि तुकडे चित्राच्या पत्त्यावरून येऊ लागतात. आमच्या संकेतस्थळावर शिक्षक सूचना लिहितात, त्यांचे एचटीएमएल सर्व्हर पानातच छापतो. ते एचटीएमएल तपासणारी आमची गाळणी स्क्रिप्ट काढत होती, पण चित्रावरचे नेम तसेच सोडत होती. अशा सूचनेने शाळेचे पान परक्या सर्व्हरवरचा कोड चालवू शकले असते, आणि त्या पानावर मुलांची नावे, वर्ग, पत्ते असतात.

दुरुस्ती ५.९४.० मध्ये होती: मिळालेला घटक खरोखर स्क्रिप्ट आहे की नाही, हे ती तपासते. ती त्याच दिवशी घेतली. पब्लिक पाथ स्पष्ट लिहिला, गाळणीतून नेम हा गुणधर्म हद्दपार केला, आणि मग चाचणीच्या सर्व्हरवर मुद्दाम तसे चित्र असलेली सूचना टाकून, नेटवर्कच्या खिडकीत एकेक विनंती तपासली. पान नेहमीसारखे उघडले आणि सगळे तुकडे आमच्याच पत्त्यावरून आले.